भिंतीमागचा कॉम्प्रेसर

ज्याला दिवसभर बोलायला कुणी मिळत नाही ना, त्याच्याकडेच किस्से जास्त साठतात. ब्याण्णव-त्र्याण्णवला भोसरी सोडून योकोहामाच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षं काढली. तेव्हाचे पोतंभर आहेत माझ्याकडे. ऐका!

आमच्या मालकाने पत्रे कापायला स्वस्तातला प्लाझ्मा कटर आणला. स्वस्तातला, म्हणून हवेचा कॉम्प्रेसर वेगळा. तो इतका बोंबलायचा की त्याला भिंतीमागे, बाहेर ठेवलं. म्हणजे कटरचा टॉर्च, पत्रा कापणारी नळी, धरून आत मी आणि कॉम्प्रेसरपाशी बाहेर ओगावा-सान. साठी ओलांडलेले, कायम मिठाची गुळणी धरलेले.

तिथं काम सुरू करण्याआधी एकेका वस्तूकडे बोट दाखवून 'ठीक आहे' असं ओरडायची पद्धत. बाहेरून ओगावा-सान ओरडायचे, "एअर, योशी!" आतून मी, "योशी!" झालं! संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोललंच तर एवढंच.

*

पावसाळ्यात हवेतली ओल कॉम्प्रेसरच्या टाकीत साठायची आणि पाणी थेट टॉर्चपर्यंत यायचं. कट असा, जणू पत्रा उंदरांनी कुरतडलाय! एकदा मी फार शहाणपणा करून प्रेशर न उतरवताच टाकीखालची तोटी उघडली. गंजाचं लाल पाणी ओगावा-सानच्या पँटवर! मी वाकून वाकून सोळा वेळा माफी मागितली. त्यांनी पँट पाहिली. मग शांतपणे तिच्याकडे बोट दाखवलं.

"मिझु, योशी!"

मिझु म्हणजे पाणी, हे मी त्या दिवशी शिकलो.

*

शेजारी एक आजी एकटीच राहायची. कॉम्प्रेसर सुरू झाला की तिचा कुत्रा रडायचा. तक्रार आली. मालकाने मला मिठाईचा डबा देऊन माफी मागायला पिटाळलं. आजीने बसवून चहा दिला, घरी कोण कोण असतं ते विचारलं. खोटं कशाला सांगू, दुसरा कपही मी मागून घेतला.

मग आठवडाभर मी जेवणाच्या सुट्टीतही मुद्दाम कॉम्प्रेसर चालू ठेवला. पण मेली तक्रार काही येईना! कुत्र्यालासुद्धा सवय झाली होती.

*

आईचा फोन आला.

"बोलायला कुणी आहे का रे तिथं?"

"आहेत की. ओगावा-सान."

"काय बोलतात?"

"हवा ठीक आहे म्हणतात."

"रोज?"

"रोज."

आई म्हणाली, "अरे, मग तू विचार की, जेवलात का म्हणून! माणसाला आधी तेच विचारतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतून ओरडलो, "ओगावा-सान, गोहान ताबेमाश्ता का?" गोहान म्हणजे जेवण; जेवलात का? टाकी भरून कॉम्प्रेसर बंदही झाला. मग भिंतीमागून आवाज आला, "योशी!"

तेव्हापासून मी रोज विचारायचो. उत्तर तेवढंच, पण त्या एका शब्दावर माझा दिवस निघायचा.

*

पुढे मालकाचे दिवस पालटले. त्याने पोटातच कॉम्प्रेसर असलेलं नवं मशीन आणलं. "आता एक माणूस पुरे!" म्हणाला, खुशीत. जुना कॉम्प्रेसर भंगारात गेला, ओगावा-सान पुढच्या दाराशी पॅकिंगला. आता 'योशी' म्हणणारंही कुणी उरलं नाही! पण मालकाला सांगणार काय, मला तो बोंबलणाराच हवाय?

पहिल्या सकाळी टॉर्च घेऊन उभा राहिलो. मशीनचा हिरवा दिवा लागलेला. बटण काही दाबवेना. नुसता भिंतीकडे बघत राहिलो.

तेवढ्यात भिंतीमागून, जिथं आता रिकाम्या चौथऱ्याशिवाय काहीच नव्हतं, आवाज आला.

"गोहान, योशी?"