झाकण ठोकलेला डबा

तेहतीस वर्षं त्यांनी कारखान्याचं भांडार सांभाळलं. चिठ्ठीशिवाय तिथून एक खिळा बाहेर गेला नाही आणि एकाही डब्यातल्या रंगावर साय धरली नाही. झाकण कसं ठोकावं हे त्यांना कळत होतं: लाकडी हातोडी, एक ठोका इकडे, पुढचा बरोबर समोर. कामगार त्यांना भांडारी म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. भांडार मात्र आता कचऱ्याचं होतं.

लेकीबरोबर ते तिसऱ्या मजल्यावर राहत. दोन खोल्या. गॅलरी नाही, अंगणाची तर बातच सोडा. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. जिन्यात काही ठेवायला बंदी. कचऱ्याची गाडी मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सातला यायची आणि दहा मिनिटांत निघून जायची. मधले दिवस कचऱ्याने माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं.

लेक नर्स होती. इस्पितळ चालत सात मिनिटांवर, म्हणून तर तीन जागा बदलून ही मिळवलेली. आणि पहिल्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी आठवड्यापूर्वी दारात उभं राहून सांगितलं होतं, "काका, जिन्यात वास मारतोय. पुन्हा आला तर महिनाअखेरीला जागा खाली करायची. सोमवारी दहाला वर येऊन बघणार आहे मी."

जागा गेली की लेक वसतिगृहात आणि भांडारी परगावी थोरल्या मुलाकडे. थोरला वाईट नव्हता, पण त्याच्या घरात यांना कुणी काही काम सांगत नसे. "तुम्ही बसा हो बाबा," एवढंच. नुसतं पडून राहिलेल्या लोखंडाचं काय होतं ते भांडारींनी जन्मभर पाहिलेलं.

नेमका त्याच आठवड्यात गाडीवाल्यांनी संप केला. मंगळवार गेला, शनिवार गेला. साली, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा भांडारींनी खिडकीत कागदावर वाळवला. पण कलिंगडाच्या साली, माशांची डोकी, विटलेला भात? ते सगळं त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि झाकण ठोकलं. इकडे एक, समोर एक.

"बाबा, त्याला जरा वारा लागू द्या," लेक म्हणाली होती. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"तू तुझ्या सलाइनचं बघ. माल कसा ठेवायचा ते मला शिकवू नकोस."

सोमवारी साडेआठला, लेक कामावर गेल्यावर, त्यांनी ओट्याखाली हात घातला आणि तो तसाच मागे घेतला. डब्याचं झाकण फुगून वर आलं होतं. बोट लावलं तर आतून कुणीतरी ढकलत असल्यासारखं लागलं.

घरात उघडावा तर दोन दिवस वास हटणार नाही. ठेवावा तर बाईंच्या देखतच फुटायचा. बाजाराच्या पलीकडे पालिकेची मोठी पेटी होती, वीस मिनिटांवर. पण जिना बाईंच्या दारावरून जात होता.

डबा टॉवेलात गुंडाळून, तान्हं पोर धरावं तसा छातीशी धरून ते उतरू लागले. प्रत्येक पायरीला आत डुचमळायचं. दुसरा मजला पार झाला. झाकण 'टुक्' वाजलं. ते थांबले, श्वास रोखला, पुन्हा एक पायरी. पहिल्या मजल्यावर पोचायला आणि बाईंनी दार उघडायला एकच गाठ पडली.

"सकाळी सकाळी कुणाला पळवून नेताय काका?"

"कुणाला... डबा आहे."

"ते दिसतंय हो. आत काय?"

"रंग," भांडारी म्हणाले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ते मालाविषयी खोटं बोलले.

झाकण उडालं ते छताला आपटून खाली आलं. त्यामागून निघालेला काळपट फवारा बाईंच्या दारालगतच्या पांढऱ्या भिंतीवर बसला.

बाईंनी बाहीने नाक दाबलं. भिंतीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "बरा शोधलात. काय म्हणतात या रंगाला?"

भांडारींनी टॉवेलाने डब्याचं तोंड झाकलं. "कचरा आहे बाई. नऊ दिवसांचा. मागचा वासही माझाच. म्हणजे डब्याचा. गाडीकडे नेताना जिन्यात गळला होता. पोरीचा यात काही दोष नाही, तिनं सांगितलं होतं मला. मीच ऐकलं नाही. काढायचं तर मला काढा. मी जातो थोरल्याकडे. तिला राहू द्या."

बाई जिना चढू लागल्या. भांडारी मागून, रिकामा होत आलेला डबा तसाच पोटाशी धरून. वर बाईंनी ओट्याखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, खिडकीतल्या वाळलेल्या साली चिमटीत धरून हुंगल्या. घड्याळ टिकटिकत होतं. एकदा त्या "हं" म्हणाल्या. ते चांगलं हं की वाईट, काही कळेना.

"घराला वास नाही," अखेर त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर हे एवढं कोण करणार? पोरगी बारा-बारा तास बाहेर. मग खरंच उकिरडा होईल इथे." दारात वळून त्यांनी बोट उगारलं. "उघडी बादली, खाली कागद, ओलं रोजच्या रोज त्या बाजाराच्या पेटीत. ठोकलेलं झाकण दिसलं की त्याच दिवशी नोटीस. आणि भिंत पुसा आधी."

ते भिंत पुसायला बसले. एकदा साबणाने, एकदा सोड्याने. डाग फिका झाला, गेला नाही. बंद दाराकडे पाहत त्यांनी विचारलं, "बाई, म्हणजे... आम्ही राहायचं ना?"

"भिंत वाळू दे," आतून आवाज आला, "मग सांगते."

भांडारींनी ओला टॉवेल पिळला, झटकला आणि दोन्ही हातांनी भिंतीला वारा घालू लागले.