माहेरची ट्रॉली

ट्रॉली आपल्या वजनानेच सुटते, हे मला ती सुटल्यावर कळले. एकतीस सालच्या मार्चात रत्नागिरीजवळची एक बंद पडलेली चिरेखाण पाहायला मी, रत्नागिरीचा शाळामास्तर, गेलो होतो. जांभा कापून कापून डोंगराच्या पायऱ्या झालेल्या, आणि खाणीपासून खाली खाडीपर्यंत रूळ. वर एक लाकडी ट्रॉली उभी. कंपनी गेली तेव्हा ही बेवारशीच, असे ठरवून मी तिच्यात बसायला निघालो आणि चढायला पायरी हवी म्हणून चाकाखालचा दगड ओढून घेतला. मी चढायच्या आत ती निघाली. "धरा, धरा!" मी ओरडलो. पण धरायला तिथे मीच होतो.

रूळ संपले तरी ती थांबली नाही. खाडीच्या चिखलात जाऊन बसली.

आरडाओरडा ऐकून खाणीमागच्या घरातून धाकू धावत आला. धाकू या ट्रॉलीचा ब्रेकवाला, हे मला मागाहून कळले. चार वर्षांपूर्वी कंपनीने गाशा गुंडाळला, साहेब गेला, मुकादम गेला; धाकूला 'जा' म्हणायचे तेवढे राहून गेले. तेव्हापासून हा गृहस्थ रुळांतले गवत काढी, चाकांना करंजेल घाली, आणि ट्रॉली सोडण्यापूर्वी "बाजूऽऽ!" अशी आरोळी ठोकी. वाटेत खेकड्यांशिवाय कोणी नसे. खेकडे बाजूला होतात, असे तो शपथेवर सांगे.

"मास्तर, ती माज्या मथुरेसाटी ठेवलेली," तो म्हणाला.

मथुरा त्याची लेक. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून मुंबईहून आगबोटीने येऊन रत्नागिरीला उतरलेली; आता भरतीबरोबर होडीने खाडीतून यायची होती. आठवा महिना, आणि वर घरापर्यंत ही चढण! म्हणून ट्रॉलीत पेंढा, पेंढ्यावर गोधडी. दोन्ही आता चिखलात.

"आता रे?"

"आता काय! भरतीचं पानी चडायच्या आदी काडायची. धोतर खोचा."

गुडघाभर चिखलात आम्ही उतरलो. धाकूची बायको गंगुबाई दोर घेऊन आली आणि मला न्याहाळून नवऱ्याला म्हणाली, "ह्येच काय ते शिकलेलं?"

"ह्येच," धाकू म्हणाला.

तो वाशाने उचलायचा, आम्ही दोघे ओढायचो. पाणी चाकांना लागले, मग माझ्या मांड्यांना. शेवटी एकदाची ट्रॉली रुळांवर आली, आणि वळणावर होडी दिसली. गंगुबाई धावत जाऊन दुसरी गोधडी घेऊन आली.

होडीतून उतरून मथुरेने बापाकडे पाहिले. "बाबा, मी येनार म्हनून आंघोळ तरी करायचीत!"

धाकू एका बाजूने ब्रेक धरून चालला. मागून मी, गंगुबाई आणि होडीवाला. दर वीस हातांवर दम खाल्ला. पोर घरी पोचली तेव्हा माझी छाती भात्यासारखी हलत होती, पण आतून फुगलीही होती.

"धाकू, बाळाला घेऊन ही सासरी निघेल ना, तेव्हाही येतो बघ मी. तेव्हा तर उतारच आहे!"

ब्रेकवरचा हात न काढता धाकू म्हणाला, "त्या दिवशी तुमी घराभायेर पडू नका."