क्लेटनच्या खोलीतला हीटर

ड्रुसिला मावशीशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे आमच्या बंदरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. तरुणपणी ती कारखान्यात कॉड मासे कापायची, आणि मुकादमाने घड्याळ दाखवलं की त्याला सुरी दाखवायची. तिचा एकुलता एक मुलगा क्लेटन खेकड्यांच्या बोटीवर गेला तो परत आलाच नाही. बोटही सापडली नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून थंडी पडली की मावशी त्याच्या खोलीतला हीटर लावायची, तो थेट वसंतापर्यंत. "पाण्यातून येणार पोरगं, गारठलेलं असेल," म्हणायची. लोक हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

यंदा जानेवारीत तिच्या नवऱ्याला, ॲम्ब्रोज काकांना, अर्धांगवायू झाला. जिना चढणं संपलं. त्यांची खाट खाली मागच्या खोलीत टाकली, पण तिथे हीटरच नाही. सकाळी पेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. गावात वीजकाम करणारा मी एकटाच, म्हणून मला बोलावणं आलं.

"रुबेन, इथे भिंतीच्या पायथ्याशी एक हीटर बसव. तार इथूनच जाते."

बोर्ड उघडून पाहिला. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वर क्लेटनची खोली, एवढ्या हीटरांवरच ती लाईन भरली होती. बोर्डात नव्या लाईनला जागा नव्हती, आणि नवा बोर्ड बर्फ वितळल्याशिवाय येणार नव्हता.

"या लाईनवर आणखी नाही चढत, मावशी."

"शेजारचा हेडली तर म्हणतो, मोठा ब्रेकर टाकला की झालं."

"हेडलीला म्हणावं, तू मासे पकड. ब्रेकर मोठा केला म्हणून भिंतीतली तार जाड होते का? ती आतल्या आत तापेल आणि घर पेटेल."

"मग हे शिकलास कशाला मेल्या? नाही म्हणायला?"

स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर गार पडू दिलं, तर नळ गोठून फुटणार. उरली एकच खोली, आणि तिचं नाव माझ्या तोंडातून निघेना. माझाच मला राग आला. पण मावशीला कळायचं ते कळलं होतं.

काकांनाही कळलं. खाटेवरून ते बोबडं बोलले, "पोराचं राहू दे गं. मला अजून एक गोधडी घाल." त्यांचे ओठ निळे पडले होते.

मावशीने गोधडी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.

"गप्प बसा," ती म्हणाली. "थंडी तुम्हाला वाजतेय."

मी लाईन बंद करून वर गेलो. मावशी हीटरशेजारी जमिनीवर बसली होती, पत्र्यावर हात ठेवून. पत्रा गार झाला तरी तिचा हात निघेना. तिला ऊठ म्हणायची माझी छाती झाली नाही. शेवटी ती आपणहून उठली, आणि मी तारा सोडवून हीटर उचलला.

मी बाहेर पडल्यावर तिने दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला.

"नाहीतर बाकीचं घर गारठेल," म्हणाली.