पाऊण इंच

गेल्या वर्षभरात माझी मुलगी पाऊण इंचाने कमी झाली.

हे मी पट्टी लावून सांगतो आहे, कारण अमरावतीच्या एका शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवतो. आमच्या घरी दर चौदा एप्रिलला, नवे कपडे घालून वंदना झाली की, प्रज्ञाला लोखंडी आलमारीला पाठ लावून उभी करायची आणि डोक्यावर पट्टी धरून आलमारीवर पेनाने रेघ ओढायची, अशी रीत आहे. यंदा पट्टी गेल्या वर्षीच्या रेघेखाली टेकली!

"मान वर कर," मी म्हणालो.

"केली ना बाबा!"

तीनदा मोजलं. (तिसऱ्यांदा मी गुपचूप तिची वेणी पट्टीखाली सरकवली. तरीही कमीच!)

"अहो, पोरगी उलटी वाढून रायली का?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

प्रज्ञा तेरा वर्षांची. शाळेत प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लागते आणि ती कायम सगळ्यात पुढे. मैत्रिणी एकेक करून मागे सरकल्या, ही तिथेच. यंदा दुसरी तरी होईन, एवढीच तिची आशा होती.

"बाबा, मी आता अशीच राहीन का?" तिने विचारलं आणि नव्या ड्रेसवरच पलंगावर पालथी पडली.

आता साध्या बापाने पोरीला जवळ घेतलं असतं. मी टॉर्च घेतला! दातांच्या आत साधारण आठवड्याला एक बारीक रेघ पडत जाते आणि शरीराच्या वाढीलाही तसाच काही ताल असतो, असं मी नुकतंच वाचलं होतं. तिच्या तोंडात डोकावलो, तर कोपऱ्यात एक दुधाचा दात अजून ठाण मांडून बसलेला!

"सापडलं! तुझं आतलं घड्याळच बंद पडलं!" मी आनंदाने जाहीर केलं. पोरगी हुंदके देऊन रडायला लागली.

"शाबास! आता पोरीले जेवू तरी द्या," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही अकोल्याला निघालो. माझी मोठी बहीण तिथे दातांची डॉक्टर आहे. पुरावा म्हणून मी आलमारीचे चार फोटो काढून घेतले.

ताईने तिला खुर्चीत बसवून दात तपासले. "मागच्या दाढा येऊन रायल्या. सगळं टायमावर हाय. दुधाचा दात पडन त्याच्या मनानं. कावून रडते व माय?"

"आत्या, मी कमी होऊन रायली."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिसरीत शाई प्यायलो होतो तेव्हा पाहिलं होतं. मी अभिमानाने फोटो पुढे केला. तिने तो बोटांनी मोठा केला.

"सुध्या, आलमारीखाली ह्या इटा कवा ठेवल्या?"

"मागच्या मे महिन्यात. कुलरचं पाणी गळून खाली गंज चढत होता ना..."

वाक्य अर्धवट सोडून मी बोटांवर हिशेब मांडायला लागलो. वीट तीन इंचांची; जुनी रेघही तेवढीच वर चढलेली. पाऊण इंच वजा. म्हणजे पोरगी सव्वादोन इंच वाढली होती!

"म्हणजे बाबा, आलमारी वाढली!" प्रज्ञा खुर्चीतून उडी मारून हसायला लागली, इतकी की बाहेर गाल धरून बसलेला पेशंटही हसला. दोन दिवस त्या पोरीला मी फुकट रडवलं होतं. मला फार लाज वाटली, आणि ती हसताना पाहून डोळेही भरून आले.

"अरे, पोरीले नुसती बाजूले उभी करून पायली असती तरी समजलं असतं," ताई म्हणाली.

उभी केली. माझ्या हनुवटीला लागत होती! हे कधी झालं, मला कळलंच नव्हतं. वर्षभर रोज समोर होती आणि मी मेला रेघेची वाट पाहत बसलो.

"बाबा, आता तुमी," म्हणत प्रज्ञाने मला दवाखान्यातल्या उंचीच्या तक्त्याला पाठ लावून उभं केलं. आजवर प्रत्येक फॉर्मवर, लग्नाच्या बायोडाट्यावरसुद्धा, मी पाच फूट सहा इंच लिहीत आलो आहे.

"पाच फूट साडेचार!" ती ओरडली.

मी ताबडतोब खाली वाकून तक्त्याखाली वीट शोधायला लागलो.