झूमधला लाल वेडा राघू

मंडळी, युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरवरच्या या निरोपांच्या बोर्डावर आज मी अभ्यासाचं काही लिहीत नाही.

सत्त्याऐंशी साल उजाडलं, माझी बायको सुनंदा टेक्सासला येऊन चार महिने झाले. इंग्रजी येतं, पण दुकानातही तोंड उघडत नाही. नागपूरला परत जायचं म्हणते.

आज आम्ही झूमध्ये गेलो, तिथे एका पक्ष्याने किडा पकडून फांदीवर आपटला. अंग किरमिजी, डोकं निळंहिरवं.

"अहो, हा तर आपला वेडा राघू!" सुनंदा ओरडली.

पाटीवर होतं: आफ्रिका, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत. तिला पटेना. तिथे पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या बाईंना गाठून हातवारे करत इंग्रजीत सांगू लागली, "आमच्याकडे हिरवा असतो, पण आपटतो अस्साच!"

बाई हसल्या. "नातेवाईकच आहेत ते. शनिवारी शाळेची मुलं येतात, त्यांना सांगाल?"

गाडीत म्हणाली, "शनिवारी सोडाल ना मला?"

परतीच्या तिकिटाचं नाव नाही. तुमच्या घरच्यांचं तोंड इथे कोणामुळे उघडलं?