टाकीखालची पिसं

स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर दहामधल्या विजयकुमारांची अकरा कबुतरं तीन आठवड्यांत नाहीशी झाली आणि रविवारी सकाळी ब्लॉकच्या अंगणात बैठक भरून निकालही लागला: गयाबाईंची मांजर पोत्यात घालायची आणि शिवनाथ नदीच्या पल्याड सोडून यायची. विजयकुमार पोतं घेऊनच आले होते. प्लांटमधून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, तयारीत कसूर नाही.

गयाबाईंचा मुलगा मोहित मान खाली घालून उभा होता. घरात तो बायकोशी हिंदीत बोले, आईशीही हिंदीतच. नवरा गेल्यापासून गयाबाईंचं मराठी ऐकून घेणारी घरात एकटी मनी मांजरच उरली होती. ती गेली तर आपण भिंतींशी बोलणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या पेटल्या होत्या.

“साहेब, प्लांटात ॲक्सिडेंट झाला का तुमी इन्क्वायरीले बसत होते ना? तवा पहिले जागा पाहत होते, का पहिले माणूस धरत होते?”

“अम्मा, चुप रहो ना,” मोहित पुटपुटला.

“कावून राहू? चला सारे टाकीखाली.”

आणि त्या चालू लागल्या. फुकटची करमणूक कोण सोडतो, सगळा ब्लॉक मागून निघाला.

साकोलीकडच्या गावात, जंगलाच्या कडेला, गयाबाईंनी लहानपणी बकऱ्या चारल्या होत्या. कोंबडी गेली की त्यांचा बाप अंगणाला झाडू लावू देत नसे. आधी पिसं बघायची, मग कोणाला शिव्या द्यायच्या ते ठरवायचं. इथे विजयकुमार रोज सकाळी अंगण लख्ख झाडून घेत आणि मग चौकशी करत. पाण्याच्या टाकीखाली मात्र कोणी झाडत नव्हतं.

तिथे वाऱ्याने पांगलेली राखी पिसं होती आणि खांबांवर चुन्यासारखे पांढरे ओघळ. गयाबाईंनी एक पीस उचललं.

“देठ पाहा. सबूत आहे, अख्खा. हे उपटलेलं आहे. मांजर उपटत नाही, चावते. देठ तुटते, पिसं थुंकीनं चिकटून राहते.” मग त्यांनी छातीचं एक हाड वर धरलं. त्याच्या कडेला बारीक त्रिकोणी खाचा होत्या. “हे चोचीचं काम. वर पाहा आता.”

टाकीच्या कठड्यावर करड्या पाठीचा एक पक्षी बसला होता आणि निवांत पिसं उपटून खाली सोडत होता.

“ससाणा. न्या तुमचं पोतं.”

कोणीतरी हसलं. विजयकुमारांचे कान लाल झाले. “आणि माझ्या गॅरेजमागचं? तो पांढरा लक्का कबुतर? काल गेलाय, तिथं अजून झाडलेलं नाही.”

गयाबाई तिथे जाऊन उकिडव्या बसल्या. पांढऱ्या पिसांचा पुंजका होता. देठ मधेच तुटलेले, तीन पिसं एकमेकांना चिकटलेली. हे ओळखणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. ससाणा म्हटलं असतं तर सगळे चहाला घरी गेले असते.

“हे माह्या मनीनं खाल्लं,” त्या म्हणाल्या.

मोहितने मान वर केली. विजयकुमारांनी पोत्याचं तोंड उघडलं.

“थांबा. एक मनीचं, दहा त्याचे. एकाची मी माफी मागते. तिच्या गळ्यात घंटी बांधीन, कबुतरं बाहेर असतीन तवर घरात कोंडीन. पण दहाचा आळ मी तिच्यावर घेणार नाही. तिले न्यायचं असन तं पहिले टाकीवर चढा अन् त्याले पोत्यात घाला.”

विजयकुमारांनी टाकीकडे पाहिलं, मग गयाबाईंकडे. इतक्या वर्षांच्या चौकश्यांत आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देणारं त्यांना कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी पोत्याची घडी घातली.

घरी जाताना मोहित अडखळत म्हणाला, “आई, तो देठ... कसा ओळखाचा, मले दाखव ना.”

गयाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे भरले होते, ते त्याला कशाला दाखवा.

“पहिले सुपेल्याच्या बाजारातून घंटी आण,” त्या म्हणाल्या, “मंग शिकवीन.”