सुभेदारांचा आरसा

शेजारच्या सुभेदारांनी पेन्शनीत निघून साताऱ्यात घर बांधलं, आणि न्हाणीत हौसेनं बेसिन बसवलं. न्हाणी एवढीशी, की आत माणूस शिरला की बादलीनं बाहेर थांबावं! तरी बेसिनखाली कपाट, कपाटाला खण, वर आरसा. येईल त्याला आधी न्हाणी दाखवत, मग चहा.

माणूस सहा फुटी, देवापुढंही ताठ. दाढी करताना मात्र पार ओणवे व्हायचे, कारण आरसा त्यांच्या छातीशी होता.

“मिस्त्री चुकला काय?” मी विचारलं.

“न्हाई गड्या. वर लावला तर हिला कुंकू लावाया ष्टूल लागंल.”

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सुभेदारांनी लगेच आवाज चढवला, “आन् ष्टूल ठेवाया जागा कुठं हाय?”